पहिलटकरणीचा खुराक आणि तिची पैदास : नव्या वराहपालकांसाठी

वराहपालनात नव्याने उतरलेला माणूस पहिल्या वर्षी बहुधा समाधानी असतो, आणि त्याची तक्रार सुरू होते ती दुसऱ्या वेताच्या वेळी. पहिल्या वेताला आठ-नऊ पिल्ले दिलेली मादी पिल्ले तोडल्यावर, म्हणजे त्यांचे दूध बंद केल्यावर, वीस-पंचवीस दिवस माजावर येत नाही, आली तर उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि गाभण राहिलीच तर दुसऱ्या वेताला पहिल्यापेक्षा कमी पिल्ले देते. अशा वेळी नराला, उन्हाळ्याला किंवा जातीला दोष दिला जातो. कारण मात्र पुष्कळदा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या गव्हाणीत असते. माजाच्या वेळी सुटणारी स्त्रीबीजे ज्या पुटकांत तयार होतात, ती पुटके त्याआधी कित्येक आठवडे वाढत असतात, आणि त्या आठवड्यांत मादीला काय मिळाले यावर त्यांची संख्या व प्रत ठरते. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्याचा खुराक सांगताना त्याचा परिणाम पुढे कोठे दिसतो, तेही सांगितले आहे.

तरुण मादीची अडचण अशी की तिची स्वतःची वाढ अजून पूर्ण झालेली नसते. आठ महिन्यांची, प्रथमच फळवायची मादी प्रौढ मादीच्या वजनाच्या जेमतेम निम्मी असते. तिने खाल्लेल्या अन्नातून आधी शरीर चालते, मग गर्भ किंवा दूध आपला वाटा घेते, मग तिची हाडे व मांस वाढते. पुढच्या गर्भधारणेची तयारी सर्वांत शेवटी येते. खाद्य तोकडे पडले की ही शेवटची गोष्ट प्रथम थांबते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

पहिली पायरी : पैदाशीच्या माद्या विक्रीच्या कळपातून वेगळ्या करा

साडेतीन-चार महिन्यांच्या वयात, मोठ्या वेतातील आणि चांगल्या दुधाच्या आईच्या पिल्लांतून, किमान बारा, शक्य तर चौदा सारख्या अंतरावरचे सड असलेल्या माद्या निवडाव्यात. पुढे पायांत किंवा वाढीत दोष दिसून काही गळतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त निवडणे बरे. साधारण ६० किलो वजनापासून त्यांचा खुराक वेगळा करावा. विक्रीच्या जनावराला लवकर वजन हवे असते. पैदाशीच्या मादीला मजबूत हाडे, पुरेसे मांस आणि थोडी चरबी हवी असते. सुधारित जातींत दिवसाला ६०० ते ७५० ग्रॅम वाढ योग्य मानली जाते. वाढ याहून फार मंद असेल तर पहिला माज लांबतो, आणि फार वेगाची असेल तर पाय भार पेलत नाहीत. लंगडी मादी नराखाली उभी राहत नाही आणि व्याल्यावर धडपडत बसताना पिल्ले चिरडते, हे लक्षात ठेवून कॅल्शियम व फॉस्फरस या वयात विक्रीच्या जनावरापेक्षा थोडे जास्तच द्यावे.

दुसरी पायरी : खाद्य कसे बांधावे

बाजारातील वराहखाद्य परवडत असेल तर उत्तमच, पण महाराष्ट्रात ते सर्वत्र सहज मिळत नाही, म्हणून घरच्या मिश्रणाचे प्रमाण देतो. शंभर किलो मिश्रणात क्षार मिश्रण २ किलो, चुनखडी पावडर १ किलो आणि मीठ अर्धा किलो हे कायम ठेवावे. उरलेल्या साडेशहाण्णव किलोंत, वाढत्या मादीसाठी मक्याचा भरडा ६० किलो, गव्हाचा कोंडा २० किलो आणि सोयाबीन पेंड साडेसोळा किलो घ्यावी, म्हणजे सुमारे १६ टक्के प्रथिने मिळतात. गाभण मादीसाठी मका ६१, कोंडा २७ आणि पेंड साडेआठ किलो घेतली की प्रथिने १३ टक्क्यांच्या आसपास येतात, आणि तेवढी पुरतात. दूध पाजणाऱ्या मादीसाठी मका ६५, कोंडा फक्त ९ आणि पेंड साडेबावीस किलो घ्यावी. तेथे १७ टक्के प्रथिने लागतात आणि जागा अडवणारा कोंडा नको असतो. जीवनसत्त्वांचे मिश्रण पाकिटावरील प्रमाणानुसार यात मिसळावे, आणि ते पशुवैद्यकाला विचारून वराहांसाठीचेच घ्यावे.

काही गोष्टी मात्र या मिश्रणात येऊ देऊ नयेत. विदर्भात आणि मराठवाड्यात सरकी पेंड स्वस्त पडते, पण तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य डुकरांना बाधते. गुरांच्या पोटात त्याचा बराच भाग निष्प्रभ होतो, डुकरांच्या होत नाही. गुरांच्या तयार खाद्यात सरकी असू शकते, काहींत युरियाही असतो, म्हणून शेजारच्या गोठ्यातले पोते उचलून आणू नये. कच्चे सोयाबीन भाजल्याशिवाय देऊ नये, कारण त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. भाताचा कोंडा कोकणात व गोव्यात मुबलक मिळतो आणि ताजा असेल तर चालतो, मात्र तेलकट कोंडा थोड्याच दिवसांत खवट होतो आणि खवट कोंड्याने खाद्यातील ई जीवनसत्त्व नष्ट होते.

आता हॉटेलच्या खरकट्याविषयी, कारण शहरालगतचे बहुतेक नवे पालक त्यावरच हिशेब मांडतात. खरकट्यात पाऊणहून अधिक पाणीच असते. आठ किलो खरकटे खाऊन तट्ट फुगलेल्या मादीला प्रत्यक्षात दीड-दोन किलो कोरडे अन्न मिळालेले असते, आणि त्यातही भात, पोळी व तेल जास्त, प्रथिने व कॅल्शियम कमी. विक्रीचे डुक्कर यावर वाढते. पैदाशीची मादी मात्र चरबीने गोल आणि हाडांनी कच्ची राहते. खरकटे वापरायचेच असेल तर ते निम्म्या गरजेपुरते ठेवावे, उरलेली गरज पेंड आणि क्षार जास्त असलेल्या मिश्रणाने भागवावी, आणि ते खळखळून किमान अर्धा तास उकळल्याशिवाय कधीही देऊ नये. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा रोग २०२० मध्ये भारतात शिरला आहे, आणि न उकळलेल्या खरकट्यातील डुकराच्या मांसाचे तुकडे हा तो पसरण्याचा एक मोठा मार्ग आहे. लोणची-पापडांनी खारट झालेल्या खरकट्याबरोबर पाणी अपुरे पडले तर मिठाची विषबाधाही होते.

तिसरी पायरी : फळवण्यापूर्वी टेप आणि हात दोन्ही वापरा

वय हा एकच निकष धरून मादी फळवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस किंवा त्यांच्या संकरित मादीचे वय आठ महिन्यांच्या आसपास, वजन किमान १०० ते १२० किलो आणि निदान एक माज होऊन गेलेला असावा. परदेशी सुधारित वाणांत तर १३५ किलोंखाली फळवतच नाहीत. गोव्यातील आगोंद गोवन या देशी जातीसारख्या लहान चणीच्या माद्यांना हे आकडे लागू होत नाहीत, तेथे शरीराची भरण पाहावी.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून लांबी मोजावी. दोन्ही मापे मीटरमध्ये लिहून घेराला घेराने, मग लांबीने, मग ६९.३ ने गुणावे. घेर १.१० मीटर आणि लांबी १.२० मीटर असेल तर वजन सुमारे १०० किलो येते. मोजताना मादीने मान खाली घातली किंवा वर केली की लांबी बदलते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

शरीराची भरण एक ते पाच अशा गुणांत मोजतात. तळवा दाबून कमरेचे हाड आणि पाठीचा कणा चाचपावा. न दाबता हाड दिसत असेल तर एक किंवा दोन गुण, थोडे दाबल्यावर लागत असेल तर तीन, आणि जोराने दाबूनही सापडत नसेल तर चार-पाच. फळवताना तीन हवेत. डोळ्यावर विश्वास ठेवू नये. रुंद पाठीची आणि पांढऱ्या केसांची मादी दिसते त्याहून बारीक असते, हे हात लावल्यावरच कळते.

चौथी पायरी : माजाच्या आधीचे चौदा दिवस

डुकरिणीचे माजचक्र सरासरी २१ दिवसांचे असते. पहिला माज वाया जाऊ द्यावा, कारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजात सुटणाऱ्या स्त्रीबीजांची संख्या वाढलेली असते. पण तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवावी, कारण खुराक वाढवण्याची वेळ त्या तारखेवरूनच काढायची असते. समजा पहिला माज महिन्याच्या १ तारखेला दिसला, तर पुढचा २२ तारखेच्या सुमारास येईल. म्हणून ८ तारखेपासून खुराक वाढवावा. तोवर मादी दोन-सव्वादोन किलो खात असेल तर या चौदा दिवसांत तिला तीन-साडेतीन किलोपर्यंत, किंवा पोटभर, खाऊ द्यावे.

या वाढीव खुराकाने रक्तातील इन्सुलिन वाढते, मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे इशारे अधिक वारंवार येतात, आणि एरवी मध्येच सुकून गेली असती अशी काही पुटके पक्व होतात. मात्र मादी आधीपासूनच पोटभर खात असेल तर वेगळा फायदा दिसत नाही. हा उपाय आखडून खाऊ घातलेल्या मादीची कसर भरून काढतो, त्याहून जास्त काही करत नाही.

पाचवी पायरी : फळवल्या दिवशी हात आखडा

येथे नवा पालक हमखास उलटे करतो. मादी फळली म्हणून कौतुकाने तिला आणखी खाऊ घालतो. प्रथम फळलेल्या मादीत हे टाळावे. फार खाल्ले की यकृताकडे जाणारे रक्त वाढते, यकृत रक्तातील प्रोजेस्टेरॉन जलद काढून टाकते, आणि गर्भ टिकवणारे हे संप्रेरक नेमक्या पहिल्या तीन-चार दिवसांत कमी पडते. फळवल्या दिवसापासून महिनाभर गाभण मादीचे मिश्रण १.८ ते २ किलो एवढेच द्यावे. फलित झालेल्या गर्भांपैकी पाव ते तृतीयांश पहिल्या महिन्यातच नाहीसे होतात. ते पूर्ण थांबवता येत नाही, पण अतिखुराकाने आणि उन्हाने वाढू न देणे आपल्या हातात असते. याच दिवसांत माद्यांची जागा बदलणे किंवा अनोळखी माद्या एकत्र सोडणेही टाळावे.

अपवाद एकच : पहिले वेत उरकून झडलेली मादी दुसऱ्यांदा फळवली असेल तर तिला आखडू नये. तिला फळवल्यानंतरही अडीच किलोच्या आसपास द्यावे, कारण तिच्या बाबतीत धोका उपासमारीचा असतो.

सहावी पायरी : गाभण काळाचे ११४ दिवस

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस हा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. मधल्या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दर पंधरवड्याला हाताने भरण तपासून दोन ते सव्वादोन किलोंत पाव किलो इकडेतिकडे करावे. पंचाहत्तराव्या ते नव्वदाव्या दिवसांत कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि त्या वेळी जादा खुराकाने कासेत चरबी भरते, तेव्हा त्या पंधरा दिवसांत विशेष संयम ठेवावा. नव्वदाव्या दिवसानंतर मात्र अडीच ते तीन किलोंपर्यंत वाढवावे, कारण पिल्लांच्या जन्मवजनाचा बहुतांश भाग या शेवटच्या महिन्यात भरतो.

गाभणपणी मादी लठ्ठ करून दुधाच्या दिवसांसाठी साठा ठेवावा, हा विचार पुष्कळांना पटतो, आणि तो चुकीचा आहे. चार गुणांहून अधिक भरलेली मादी विताना अडते, मेलेली पिल्ले जास्त होतात, आणि व्याल्यानंतर ती कमी खाते. जेवढी जास्त चरबी घेऊन ती विते, तेवढीच वेगाने ती पुढे झडते. वितेवेळी तीन ते साडेतीन गुण पुरेत.

सातवी पायरी : दुधाचे दिवस

पुढच्या वेताचा निकाल खरे तर येथे लागतो. गरजेचा ढोबळ हिशेब असा की मादीच्या स्वतःसाठी २ किलो आणि प्रत्येक पिल्लामागे अर्धा किलो खाद्य. आठ पिल्लांच्या मादीला ६ किलो लागतात. पहिलटकरीण मात्र तेवढे खाऊ शकत नाही. तिचे पोट लहान असते आणि प्रौढ मादीपेक्षा तिचे खाणे बरेच कमी असते. चार-साडेचार किलो खाऊन ती उरलेले दूध स्वतःच्या मांसातून आणि चरबीतून काढते. दूध कमी होत नाही, पिल्ले वाढत राहतात, आणि म्हणून पालकाला सर्व ठीक वाटते. वितेवेळच्या वजनाच्या दहा-बारा टक्क्यांहून अधिक झड झाली की अंडाशयातील पुटके लहानच राहतात. त्यातही चरबीपेक्षा मांस झडणे अधिक महागात पडते, म्हणूनच दुधाच्या मिश्रणात सोयाबीन पेंडीत काटकसर करू नये. व्याल्यानंतर दुसऱ्या दिवशी आणि पिल्ले तोडताना अशी दोनदा टेप लावावी. १४० किलोंची मादी १२६ किलोंखाली गेली असेल तर पुढच्या वेतात त्रास होणार हे तेव्हाच समजावे.

विण्याच्या दिवशी खाद्य किलोभरच द्यावे आणि पाणी भरपूर ठेवावे. नंतर रोज अर्धा किलो वाढवत सात-आठ दिवसांत पोटभर खाण्यापर्यंत आणावे. त्यापुढे मोजून देण्याची गरज नाही. दिवसातून तीन-चार वेळा, पाण्यात कालवून ओलसर द्यावे, आणि आधीचे आंबलेले उरलेले काढूनच नवे घालावे. पंचवीस अंशांहून तापमान वाढले की खाणे घटते, आणि आपल्याकडे मार्च ते जून हा काळ सगळाच त्यावरचा असतो. त्या दिवसांत पहाटे पाचच्या आत आणि रात्री दहानंतर मोठे दोन घास द्यावेत, दुपारी मानेवर पाण्याचे थेंब पडतील अशी सोय करावी, आणि छपरावर पेंढा किंवा उसाचे पाचट टाकावे.

पाण्याविषयी बोलताना पालक मान डोलावतात आणि विसरतात. दुधातल्या मादीला दिवसाला २० ते ३५ लिटर पाणी लागते, आणि तिला जेवढे पाणी मिळते तेवढेच ती खाते. निपल असेल तर त्याखाली बाटली धरून मोजावे. मिनिटाला दोन लिटर यायला हवे. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचे पाणी ती पीत नाही.

पिल्लांची संख्या किती ठेवावी, हा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. पहिल्या वेतात जो सड कोणी चोखला नाही तो पुढच्या वेतात कमी दूध देतो, म्हणून प्रत्येक चालू सडाला एक पिल्लू असावे. उलट बारीक मादीखाली अकरा-बारा पिल्ले ठेवली तर ती झडते. मी सडांच्या बाजूने कौल देतो, पण एका अटीवर : दहाव्या-बाराव्या दिवसापासून पिल्लांना कोपऱ्यात वेगळे खाद्य ठेवावे आणि पिल्ले वेळेवर तोडावीत. आपल्याकडे छप्पन्न दिवस पाजण्याची जुनी रीत आहे. पहिलटकरणीच्या बाबतीत पिल्ले खाऊ लागली असतील तर पस्तीस दिवसांत, फार तर बेचाळिसाव्या दिवशी तोडावीत. सडांहून जास्त झालेली पिल्ले चीक पाजून पहिल्या एक-दोन दिवसांतच दुसऱ्या व्यालेल्या मादीखाली द्यावीत.

आठवी पायरी : पिल्ले तोडल्यानंतरचा आठवडा

तोडण्याच्या दिवशी मादीला उपाशी ठेवून दूध आटवण्याची पद्धत पहिलटकरणीला लावू नये. दुधाचेच मिश्रण तीन किलो किंवा खाईल तेवढे, माज येईपर्यंत चालू ठेवावे. भरण टिकलेली मादी चौथ्या ते सातव्या दिवशी माजावर येते. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ नर दाखवून पाठीवर दाब द्यावा आणि ती स्थिर उभी राहते का पाहावे.

मादी अडीच गुणांखाली गेली असेल तर माझा सल्ला असा की हा माज सोडून द्यावा आणि एकवीस दिवसांनी येणाऱ्या पुढच्या माजात तिला फळवावे. या काळात ती तीन किलोंच्या हिशेबाने सुमारे ६३ किलो खाद्य खाते. आपल्या भावाने त्याची किंमत काढावी आणि एक-दोन पिल्लांच्या किमतीशी ताडून पाहावी. धडधाकट मादीचा माज मात्र सोडू नये.

दहा दिवस उलटूनही मादी माजावर आली नाही तर तिला विक्रीच्या गाडीत घालण्याआधी मक्याच्या पोत्यात हात घालावा. पावसाळ्यात ओल लागलेल्या मक्यावर वाढणारी एक बुरशी झिअरॅलेनोन नावाचे विष तयार करते, आणि ते शरीरात मादीच्या इस्ट्रोजेन संप्रेरकासारखे वागते. चार-पाच महिन्यांच्या, माजाचे वय न झालेल्या माद्यांची निरण (बाहेरून दिसणारे जननेंद्रिय) लाल होऊन सुजलेली दिसणे ही त्याची पहिली खूण असते. मोठ्या माद्या खोटा माज दाखवतात किंवा गाभण नसतानाही महिनोन् महिने शांत राहतात. बाजरी देत असाल तर अरगट या बुरशीचे काळे दाणे पाहावेत, कारण त्यांच्या विषाने व्यालेल्या मादीला पान्हाच फुटत नाही. मका साठवण्यापूर्वी चांगला वाळवावा, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, आणि बुरशी आलेले पोते चांगल्या मक्यात मिसळून संपवण्याचा मोह टाळावा. कळपात सुजलेली निरण दिसली तर ते खाद्य त्याच दिवशी बंद करून नमुना तपासणीला द्यावा. माद्यांना दोन-तीन आठवडे स्वच्छ खाद्य मिळाले की सूज बहुधा उतरते, आणि मग ती मादी ठेवायची की विकायची हे तिच्या पुढच्या माजावरून ठरवावे.